शेऱ्यातला वारा

कतारला, दोह्यात उतरल्यावर ओळखीचं असं पहिलं काय दिसलं असेल, तर रुई. अल हिलाल भागात मुलाच्या घरी जाताना एका रिकाम्या प्लॉटच्या कडेला धुळीने माखलेली झुडपं उभी होती. गाडी चालवणारे तानाजीराव साताऱ्याकडचे, नजमा वस्तीत सहाजणांच्या खोलीत राहणारे. म्हणाले, "रुईच हाय मावशी. हितं उशर म्हणत्यात."

मी नाशिकला तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे न विचारता शिकवायची खोड आहेच. पहिल्याच शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आसपासची मराठी मुलं घरी जमवली. चकल्या आणि करक (दाट, वेलदोड्याचा चहा) संपेपर्यंत त्यांना सांगितलं, की अमेरिकेत मोनार्क फुलपाखरांची मोजणी शाळेतली मुलंही करतात आणि त्यांच्या नोंदी शास्त्रज्ञ वापरतात. इथे मोनार्क नाही, पण त्याचा चुलतभाऊ बिबळ्या रुईकर आहे, आणि तो रुईच्या पानांवर वाढतो. प्रत्येकाने एक झुडूप निवडायचं, दर शनिवारी पानं उलटून अंडी-अळ्या मोजायच्या, शेजारी शेरा लिहायचा. काहीच नसेल तर शून्य. "पण शून्यसुद्धा खरं पाहिजे," हे मी दोनदा बजावलं. मुलांना मराठी सगळं कळत होतं, शंका मात्र इंग्रजीत येत होत्या.

माझी नात इरा, वय वर्षं दहा, आपलं झुडूप मला दाखवेना. अळी सापडली की मगच, म्हणाली. पाच शनिवार शून्य आलं.

सहावा शनिवार माझा शेवटचा. सकाळी तानाजीरावांबरोबर नजमातून भाजी घेऊन येताना वाटलं, निघण्याआधी एकदा तरी देव्हाऱ्यातल्या मारुतीला रुईची माळ घालावी. त्या प्लॉटपाशी गाडी थांबवली आणि शेंड्याची कोवळी अकरा पानं खुडली. एकही उलटून पाहिलं नाही.

संध्याकाळी इराने हात धरून मला नेलं. अळी नव्हती, पण आजी जाणार म्हणून नियम मोडला होता. झुडूप तेच निघालं. खाली बुंध्याशी तिने निळा दोरा बांधलेला होता.

"आजी, हू टुक द लीव्हज?"

माझी बोटं चिकाने अजून चिकट होती. मी ती पदरात लपवली आणि म्हणाले, "वाऱ्याने गेली असतील." तिने वहीत शून्य मांडलं आणि शेऱ्यात वारा लिहिला.

दुसऱ्या दिवशी माळ उतरवताना एका पानामागे तांदळाएवढी पट्ट्यापट्ट्यांची अळी सापडली, सुकून गेलेली. इरा पलीकडे दूध पीत बसली होती. मी अळी निर्माल्यात गुंडाळली. दुपारचं विमान होतं, आणि मी भित्री निघाले.

नाशिकला पुढच्या शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर माळा दिसल्या. मी घेतली नाही. घरी येऊन इराला फोन लावला आणि सगळं सांगितलं. माझी लाज वाटते, हेही सांगितलं.

ती मराठीत म्हणाली, "म्हणजे झीरो नव्हता, आजी. एक होती."

वही उघडल्याचा आवाज आला. शेऱ्यातला वारा खोडून तिथे काय लिहू, असं तिने विचारलं.

"आजी लिही," मी म्हटलं.