किल्ली दुबईत, गाडी तिरूरमध्ये

केरळातल्या तिरूरच्या वेलायुधन मेकॅनिकचं डोकं फिरायचं ते दुबईवाल्यांच्या मोटारसायकली बघून. दोन-दोन वर्षं गाडी घरी झाकून ठेवायची आणि किल्ली खिशात घालून विमानात बसायचं! त्या दिवशी दुबईहून सुट्टीवर आलेला हनीफा आपली गाडी ढकलत आला आणि वर म्हणाला, "चेट्टा, अहो दादा, मागच्या सुट्टीत काय दुरुस्त केलंत? सुरूच होत नाही."

वेलायुधननं टाकीचं झाकण उघडलं. आंबूस वासानं त्याचं नाक वाकडं झालं. पेट्रोल आटून आत डिंकासारखा थर बसला होता, वर गंज.

"मी दुरुस्त केली, तू सडवलीस! पेट्रोल म्हणजे काय लोणचं आहे, मुरत ठेवायला?"

त्यानं टाकी उतरवली. थिनरनं चिकटा काढला. मग चिंचेचं पाणी आणि मूठभर नट आत टाकून, टाकी पोटाशी धरून तो खडखडा हलवू लागला. प्रत्येक हिसक्याला एक शिवी.

"किल्ली बायकोकडे ठेवायला काय झालं होतं? गाडी चालती राहिली असती."

हनीफा हसला. "नबीसाकडे? तिला साधी सायकल तरी येते का?"

वेलायुधननं टाकी धाडकन खाली ठेवली.

"मग तुझी आई दर आठवड्याला डायलिसिसला जाते ती कशावर? माझ्या या खटाऱ्यावर! चालवते नबीसा. आणि मागे बसलेली तुझी आईच मला बजावते, हनीफाला सांगू नकोस म्हणून!"