लेकीचे शब्द

चूक माझीच होती. रियाधच्या दवाखान्यात माझ्या आखडलेल्या खांद्याला व्यायाम देणारा तो ट्युनिशियन माणूस शेकाची पिशवी ठेवली की मायदेशातल्या लेकीला फोन लावायचा. एका हाताने पिशवी सरळ करत तो फ्रेंचमध्ये बोलायचा, पण त्याला प्रत्येक गोष्ट ‘कूल’ वाटायची, नाहीतर ‘फन’.

एकदा मी म्हणालो, “तुमच्या फ्रेंचला स्वतःची विशेषणं नाहीत वाटतं?” शेजारचे पेशंट हसले. तो कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या दिवशी ‘कूल’, ‘फन’ यातला एकही शब्द ऐकू आला नाही. मिनिटभरात फोन संपला. तिसऱ्या दिवशीही तेच.

“आज इतक्यात झालं बोलून?” मी विचारलं.

माझा हात हळूच वर नेत तो म्हणाला, “पंधरा वर्षांची आहे. ते शब्द तिचे. तसं बोललो की ती थोडा जास्त वेळ थांबते फोनवर. पण तुम्ही हसलात, तेव्हा वाटलं, आपल्या वयाला शोभत नाही. यल्ला, चला, अजून थोडा वर.”

“माफ करा,” मी म्हणालो. “माझा मुलगा इंग्रजीत बोलतो म्हणून त्यालाही मी टोकून टोकून गप्प केलंय. तुम्ही तिला पुन्हा फोन लावा. माझा खांदा थांबेल.”