आतोबांचा डँपर

आमच्या आतोबांइतकी तेलावर श्रद्धा असलेला माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. लातूरच्या गंजात, म्हणजे बाजारपेठेत, त्यांचा करडईच्या तेलाचा घाणा होता, आणि जगातली सगळी दुखणी कोरडेपणामुळे होतात असं त्यांचं ठाम मत होतं. दार कुरकुरलं की तेल, गुडघा दुखला की तेल, जावई रुसला की त्याच्या घरी तेलाचा डबा. भिंतीवरचं घड्याळ मागं पडायला लागलं तेव्हा त्यालाही त्यांनी पळीभर तेल पाजलं. ते कायमचं थांबलं, पण आतोबा कौतुकानं म्हणायचे, "बघ, आवाज कसा बंद झाला!"

अशा माणसानं कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या एका साहेबाची जुनी मोटारसायकल घेतली. धोतराचा सोगा कमरेला खोचून, डोक्याला रुमाल बांधून ते निघाले की बाजारातली माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन उभी राहत. गाडी झकास होती, पण खडीच्या रस्त्यावर वेग घेतला की हँडल हिवताप भरल्यासारखं थडथडायचं. आत्या पहिल्यांदा मागं बसली, आणि रेणापूरच्या वाटेवर दोघंही ज्वारीच्या रानात जाऊन पडली. लागलं काही नाही. पण आत्या उठली, लुगडं झटकलं आणि "पुन्यांदा न्हाई बसायची मी ह्याच्यावर," म्हणून चालत घरी निघाली. आतोबा गाडी ढकलत तिच्या मागून. तिला मागं बसवून लांब कुठंतरी जायचं, एवढ्यासाठीच तर त्यांनी गाडी घेतली होती. घरच्या रगाड्यात लग्न झाल्यापासून दोघांना निवांत बसायला मिळालं नव्हतं, आणि ते आतोबांना सारखं सलत असायचं.

म्हणून ते डँपरच्या मागं लागले. डँपर म्हणजे हँडलची थडथड थोपवणारी कळ; हँडलच्या मधोमध तिची एक गोल मूठ असते. ती आवळली की खालच्या चकत्या एकमेकींवर दाबून बसतात, हँडल जरा जड होतं आणि हिसके खात नाही. त्यांच्या गाडीतल्या चकत्या पार झिजल्या होत्या. आतोबांनी कारखान्याच्या जुन्या चामडी पट्ट्यातून नव्या कापल्या आणि बसवण्यापूर्वी, अर्थातच, तेलात भिजत घातल्या. मग मनगट दुखेपर्यंत मूठ आवळली तरी हँडल पूर्वीपेक्षा जास्तच नाचू लागलं. तेव्हा त्यांनी तेल वाढवलं. मी नांदेडहून सुटीला गेलो होतो, पानावर बसल्या बसल्या ते मला म्हणाले, "ह्यो डँपर म्हंजे निस्ती फसवनूक हाय बघ."

वाढता वाढता आत्या म्हणाली, "तेलकट हातानं बरनीचं झाकन निघतंय का? हात घसरतोय की. तुमच्या चकत्याबी घसरूनच राहिल्यात."

आतोबांचा घास हातातच राहिला. उभ्या आयुष्यात तेलाविरुद्ध एवढं त्यांनी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. पण आत्यानं त्या चकत्या शिकेकाईनं धुऊन उन्हात टाकल्या, तेव्हा त्यांनी तिला अडवलं नाही. कोरड्या चकत्या बसवल्या, मूठ बेताची आवळली, गल्लीतल्या दगडांवरून एक फेरी मारली. हँडल शहाण्यासारखं सरळ! आत्या उंबऱ्यात उभी होती. "ये की," आतोबा म्हणाले. थरथर आता त्यांच्या आवाजात होती. ती बसली.

दिवेलागणीला परतले तेव्हा मी विचारलं, "काय आतोबा, डँपर कामाचा आहे का?"

ते हळूच म्हणाले, "तुझी आत्या पाठीला डोकं टेकून झोपली रे. उठवावं वाटंना, म्हनून जातच राहिलो."

पुढं लढाई लागली, पेट्रोल मिळेनासं झालं आणि गाडी परसात उभी राहिली. एकदा न कळवता गेलो. दिवस मावळत होता. आतोबा उभ्या गाडीवर हँडल धरून बसले होते, मागं आत्या. दोघांचेही डोळे मिटलेले.

"कुठवर आलो वो?" आत्यानं विचारलं.

"माहूरचा डोंगर दिसून राहिलाय," आतोबा म्हणाले. "नीज तू."

माहूरला ती दोघं कधीच गेली नव्हती. मी आल्याचं सांगायचा धीर झाला नाही; चपला हातात घेऊन मागं फिरलो आणि अंधार पडेपर्यंत गंजात उगीच हिंडत राहिलो.