तार पाहणारे इवाई

माझे इवाई महादेवराव, म्हणजे लेकीचे सासरे, अकोल्याहून आले की आधी पाणी घेत नसत. चप्पल दारात काढून सरळ आतल्या खोलीत जात, कॉम्प्युटरच्या मागे हात घालत आणि तिथूनच ओरडत, "तार काढली नाही तुमी! कावून नाही काढली?"

तार म्हणजे डिस्कची. जावयाने मला कॉम्प्युटर दिला, इवायांनी त्याला जोडायला ती डिस्क आणून दिली. घरातले सगळे फोटो तिच्यात उतरवायचे आणि लगेच तार काढून डिस्क कपाटात ठेवायची. "लागून राह्यली तं शिरलेला चोर दोन्ही नेईन," म्हणायचे.

महादेवराव बियाण्याच्या गोदामात भांडारपाल होते. थैलीवर काय छापलं आहे यावर त्यांनी जन्मात विश्वास ठेवला नाही. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि काही दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. डिस्कचंही तसंच. "उतरवून ठेवलं म्हंजे झालं काय? उगवते का पाहा." मग कोणतेही दहा फोटो उघडून पाहत. कॉम्प्युटरवर लग्नाची पत्रिका आली तरी विचारत, "कोनं पाठवली? फोन लावून इचारलं का त्याले?" मी मनात शिव्या देत असे. पण लेकीचा सासरा, तोंडावर काय बोलणार?

माझी बायको कांता बोलायची, त्यांच्या माघारी. भातकुली रस्त्याला आमचा भाजीचा मळा आहे. एकदा मेथीच्या जुड्या बांधताना तिनं त्यांचं सोंग केलं, त्याचा मी फोनवर व्हिडिओ घेतला. "इवाईबुवा आले, इवाईबुवा आले! आंधी तार पायतीन, मंग माणसाचं तोंड. वरनात बी हात घालून पायतीन, दाळ खरी का खोटी!" आणि मग माझ्याकडे बघून, "हासून काय राह्यले तुमी? बंद करा ते."

नंतर कांता गेली. फोनही बिघडला. तिचा आवाज तेवढाच उरला, कॉम्प्युटरमध्ये आणि डिस्कवर.

तेरवी झाल्यावर इवाई म्हणाले, "एक कॉपी माह्या घरी राहू द्या. सगळं बियाणं एका घरात ठेवत नसते." मला संशय आला. याला माझ्या बायकोचे फोटो कशाला पाहिजेत? फोटो दिले मी, पण तो व्हिडिओ वगळून. त्यांनी ते ऐकलं असतं तर लेकीला सासरी मान वर करता आली नसती.

मी तो व्हिडिओ रोज पाहत होतो. कॉम्प्युटरमधला पाहून झाला की डिस्कवरचाही पाहायचा, गेला तर नाही ना म्हणून. इवायांची सवय मला लागली होती, पण अर्धीच. उगवण पाहत होतो, तार काढत नव्हतो.

एक दिवस कॉम्प्युटरवर वीज कापण्याची नोटीस आली. भिऊन उघडली. थोड्या वेळानं एकही फोटो उघडेना, डिस्कवरचासुद्धा. पडद्यावर मजकूर आला, तुमचं सगळं कुलपात घातलं आहे, पैसे भरा, किल्ली देतो.

मी जावयाला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळीच इवाई बडनेऱ्याला गाडीतून उतरून घरी आले. मी पैसे भरायला तयार होतो. ते भडकले. "ज्यानं कुलूप लावलं त्याच्याच किल्लीचा भरवसा धरता? आंधी नेट तोडा, मंग पोलिसात चला." तक्रार दिली. कॉम्प्युटर पुसून नव्याने भरून आणला. अकोल्याच्या डिस्कवरून सगळे फोटो परत आले. त्यांनी दहा उघडून पाहिले. माझं तोंड पाहून म्हणाले, "मंग आता काय राह्यलं?"

मी सांगून टाकलं. व्हिडिओ, सोंग, का दिला नाही ते, सगळं.

त्यांनी आधी डिस्कची तार काढली, मग म्हणाले, "काय म्हनत होत्या इनबाई?"

"जाऊ द्या ना."

"म्हना."

मी म्हटलं. तिच्यासारखंच, हात नाचवून. दाळीपर्यंत सगळं म्हटलं. इवाई हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "हे आता एकट्या तुमच्यापाशीच हाय. तुमचं वय पाहा, दम लागते तुमाले. काय भरवसा? पुन्हा म्हना."

तीनदा म्हणायला लावलं. चौथ्यांदा स्वतः म्हणून दाखवलं. 'आंधी' राहून गेलं होतं, ते मी सुधारलं.

त्यानंतर दर रविवारी अकोल्याहून फोन यायचा. खुशाली नाही, पाऊसपाणी नाही. एवढा मोठा माणूस, नातवांचा आजा, स्वतःचीच टिंगल फोनवर घडाघडा म्हणून दाखवायचा आणि विचारायचा, "बरोबर?" मी म्हणायचो, "बरोबर." फोन बंद.

मागच्या महिन्यात इवाई गेले. तेरवीहून आलो त्या दिवशी रविवार होता. जेवण करून वही घेऊन बसलो. चौथी शिकलेला माणूस मी, अक्षर धड नाही. पण कांता काय म्हणाली ते वर लिहिलं आहे, ते जसंच्या तसं आहे. त्यातला एकही शब्द कोणी सुधारू नका.