हज्जाचा झाडपाला

हज्जासमोरून लंगडत जायची सोय नव्हती. मक्केतली आमची गल्ली चढाची, आणि हज्जाचं घर अगदी तळाला. दुपार कलून असरची नमाज झाली की ती दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायची आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाची चाल बघायची. पाय मुरगळलेला, बोट कापलेला, ढोपर फुटलेला माणूस दिसला की हाक मारून बसवून घ्यायची. मग पाला लावल्याशिवाय त्याची सुटका नसे. एकदा मला नवी चप्पल चावली म्हणून मी जरा तिरकी चालत होते, तर मलाही बसवलं. हज केलेल्या बाईला म्हणतात तसं तिला सगळे हज्जाच म्हणायचे, त्यामुळे तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिचे आजी-आजोबा पश्चिम आफ्रिकेतल्या कानोकडून हजसाठी निघाले होते. वाटेत कामं करत करत काही वर्षांनी मक्केला पोचले आणि इथेच राहिले. हज्जा मक्केत जन्मली. कानो तिने कधी पाहिलं नव्हतं, तरी प्रत्येक वाक्याची सुरुवात "आमच्याकडे" अशी. आमच्याकडे जखमेला सबारा लावतात. आमच्याकडे मुरगळीला मन कडे चोळतात. सबारा म्हणजे एका झुडपाची वाळकी पानं, आणि मन कडे म्हणजे शिया नावाच्या झाडाच्या बियांचं पिवळट लोणी. त्याचा धुरकट वास कपड्यांतून दोन धुण्यांनीही जात नसे. दर हजला तिकडचं कुणीतरी ओळखीचं यायचं आणि तिला या पुड्या देऊन जायचं.

सुजेवर ती झोगले नावाचा पाला वाटून लावायची. तो पहिल्यांदा पाहिल्यावर माझी अम्मी म्हणाली, "अगो, हा तर आपला शेगट." आम्ही मूळचे रायगडचे. परसातला शेवगा मक्केत भेटल्यावर अम्मी इतकी हरखली, की त्या दिवसापासून ती हज्जाच्या पक्षाला गेली. घरात विरोधात मी एकटी उरले.

मी तेव्हा इथल्या भारतीय शाळेत बारावीला होते. आमच्या घरात कॉलेजात कुणीच गेलं नव्हतं, आणि मला फिजिओथेरपी शिकायची होती. ही गोष्ट मी घाबरत घाबरत घरी सांगितली आणि अम्मीने ती लगेच हज्जाला सांगितली. तेव्हापासून मी 'दुक्तूरा' झाले. "दुक्तूरा, तुझ्या पुस्तकात याला काय लिहिलंय?" असं ती पेशंटसमोर विचारायची, आणि मी तोंड उघडेपर्यंत पाला लावून मोकळी. मी म्हटलं, जखम आधी उकळलेल्या पाण्याने धुवावी. ती झमझमच्या विहिरीच्या पवित्र पाण्याने धुवायची. तेच उकळून घ्या, असं सुचवल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा आठवडा गल्लीच्या दुसऱ्या टोकाने शाळेत गेले.

सगळ्यात वैताग कोंबडीचा. हाड मोडलं तर हज्जा ते बांधायची, आणि त्याबरोबर एका कोंबडीचा पायही तसाच बांधायची. आमच्याकडे अशी रीतच आहे म्हणे. कोंबडी नीट चालू लागली की माणसाची पट्टी सोडायची. तिची आजी म्हणे कोंबडीचा पाय मुद्दाम मोडायची. हज्जाला ते जमत नसे, म्हणून ती कोंबडीवाल्याकडून आधीच अधू असलेली निवडून आणायची. "म्हणजे तुमचाही त्यावर पूर्ण विश्वास नाही," असं मी एकदा म्हणाले. तिने कोंबडीला दाणे टाकले आणि अम्मीला विचारलं, ही पोरगी नीट जेवते ना?

रमजान तोंडावर असताना अब्बा गल्लीच्या पायऱ्यांवरून घसरले आणि उजव्या हातावर पडले. ते एका हॉटेलची छोटी बस चालवायचे, यात्रेकरूंना हरमला, काबाच्या मशिदीत, नेणारी. हाताला प्लॅस्टर दिसलं तर कफील, म्हणजे ज्याच्या जामिनावर आम्ही या देशात होतो तो मालक, दुसरा ड्रायव्हर ठेवील, नोकरीबरोबर इकामा, इथे राहायचा परवाना, जाईल, आणि इकाम्याबरोबर आम्ही सगळे, माझ्या परीक्षेसकट. म्हणून अब्बा दवाखान्यात जायला तयार नव्हते. हज्जाने झोगले लावलं, खजुराच्या झावळीच्या कामट्या लावल्या, वरून कापडाने करकचून बांधलं. मी एक्स-रे, एक्स-रे म्हणत राहिले. अम्मी म्हणाली, गप बस. खाली कोंबडीही बांधली गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अब्बा हात उशीवर ठेवून भिंतीकडे बघत बसले होते. बोटं सुजलेली, निळसर. मी हात लावला तर गार. बोटं हलवा म्हटलं, तर त्यांना हलवता येईनात. मी धावत खाली गेले. पुष्कळ भांडायचं ठरवून गेले होते, पण तोंडातून एवढंच आलं, "हज्जा, बोटं गार आहेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. तशीच चढ चढून आली, अब्बांची बोटं आपल्या मुठीत धरली आणि अम्मीकडे कात्री मागितली. आपण बांधलेलं कापड तिने स्वतः वरपासून खालपर्यंत कापलं. कामट्या बाजूला टाकल्या. अब्बा म्हणाले, "राहू दे हज्जा, कफील..."

"कफीलला हात नको असेल, मला हवाय," ती म्हणाली. "यल्ला, दवाखाना."

डॉक्टर म्हणाले हाड मोडलंय, आणि पट्टी अजून काही तास राहिली असती तर बोटांचं सांगता आलं नसतं. ते हज्जाने ऐकलं. मला वाटलं आता तरी ती गप्प बसेल. तिने पिशवीतून शियाच्या लोण्याचा डबा काढला आणि प्लॅस्टरच्या आधी थोडं चोळू का, असं डॉक्टरांना विचारलं. सगळ्या खोलीत धुराचा वास. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, ही तुझी आजी का? मी नाही म्हणेपर्यंत हज्जा हो म्हणाली.

कफीलने प्लॅस्टर पाहिलं, बरंच बोलला, आणि रमजानपुरतं अब्बांना सामान मोजायला बसवून बस दुसऱ्याला दिली. हजच्या आधी हात चालला तर बस परत, नाही तर खलास. प्लॅस्टर निघालं तेव्हा अब्बांचं मनगट लाकडासारखं झालं होतं. दवाखान्याने सांगितलेले व्यायाम मी करून घ्यायचे, मध्येच हज्जा डबा घेऊन यायची. मी म्हणायची हळू, ती म्हणायची अजून जोरात, आणि अब्बा दोघींना वैतागून नमाजेला निघून जायचे. कधीतरी मूठ वळू लागली, मग कप उचलता येऊ लागला. हजच्या आधी अब्बांना बस मिळाली. हज्जाने गल्लीभर सांगितलं की कोंबडी चालली, म्हणून अबू सलमाचा हात चालला. अबू सलमा म्हणजे सलमाचे अब्बा, आणि सलमा म्हणजे मी. माझं नाव त्यात एवढंच.

पण त्यानंतर हाडाचा पेशंट आला की ती बांधायची नाही. खालून ओरडायची, "दुक्तूरा, ये, बोटं बघ!" ऐन परीक्षेत, मी केस विंचरत असताना, जेवताना. मी जाऊन बोटं बघायची आणि दवाखान्यात पाठवायची. ती मागून त्यांच्या हातात पाल्याची पुडी कोंबायची.

मला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला त्याच उन्हाळ्यात आमची गल्ली पाडायची ठरली. हज्जा भाच्याकडे ताइफला निघाली. ओळखीच्याची व्हॅन घेऊन अब्बांनीच तिला पोचवलं, मीही गेले. ताइफचा घाट वळणावळणाचा. हज्जा पुढे बसलेली, प्रत्येक वळणाला "हळू, शेख, हळू," आणि खाली माकडं दिसली की त्यांनाही काहीतरी सुनावणं.

ताइफला तिची ट्रंक अब्बांनी जिन्यावरून वर नेली. ती मागून बघत होती, ट्रंककडे नाही, मनगटाकडे. मग मला बाजूला घेतलं.

"कॉलेजात बांधायला शिकवतील?"

"शिकवतील."

"सैल बांध," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी हो म्हटलं. ती जिना चढू लागली. आम्ही गाडीत बसलो तर ती वरच्या खिडकीतून डोकं काढून, व्हॅन कशी वळवायची ते सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं अब्बांना सांगू लागली. जागा चांगली मोकळी होती. तरी अब्बांनी, ती म्हणाली तशीच, दोन्ही हातांनी चाक फिरवून गाडी वळवली.