फाटकावरच्या फोनमधली मोर्स की

"ही मोर्स की नाही, हातपंप आहे," असं म्हणून करंदीकरकाकांनी माझी दोन दिवसांची मेहनत बाजूला सारली.

काका निवृत्त तारबाबू. दतिया गेटजवळ त्यांचं घर. झाशीत त्यांची ही तिसरी पिढी. मी रेल्वेच्या टेलिकॉममध्ये ज्युनिअर इंजिनिअर. ऑफिसच्या प्रदर्शनात काकांकडून मोर्सचं प्रात्यक्षिक करवून घ्यायचं, असं आमच्या सक्सेनासाहेबांनी ठरवलं होतं. मोर्स म्हणजे आखूड आणि लांब ठोक्यांनी अक्षरं पाठवायची. ज्या दांड्यानं ठोके द्यायचे, ती मोर्स की. ती मात्र कुणाकडेच नव्हती. साहेब म्हणाले, "मॅडम, आप इंजिनिअर हैं, कुछ जुगाड कीजिए." तेवढ्यावर त्यांचं काम संपलं.

भंगारात मला फाटकावरचा जुना फोन सापडला. लाकडी पेटी, घंटी द्यायला फिरवायचं हँडल आणि रिसीव्हर अडकवायचा हूक. हूक खालीवर झाला की आतल्या पितळी पट्ट्या चिकटतात आणि सुटतात. मोर्सला एवढंच लागतं. मी हुकाला बॅटरी आणि बझर जोडून काकांकडे नेलं, तर हातपंप.

त्यांचं खरंच होतं. हूक बोटभर खाली जायचा. चांगल्या मोर्स कीमधली फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. मग मी पट्ट्या काढून सागवानी फळीवर बसवल्या, फट कमीजास्त करायला स्क्रू लावला आणि हँडलची मूठ दांड्यावर चढवली. काकांनी मनगट सैल सोडलं आणि सुरू झाले. "हां, आता माणसांत आली," म्हणाले.

मीही आठवडाभरात अक्षरं पाठ केली होती. त्यांना गंमत म्हणून चहाचा इंग्रजी शब्द 'टी' पाठवला. बझर कोकलला, काका खिडकीबाहेर बघत राहिले. पुन्हा पाठवला. तरी तेच.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. मग हळू आवाजात ते म्हणाले, "तो चिलटासारखा बारीक आवाज मला ऐकू येत नाही पोरी. तीन वर्षं झाली. मी नुसतं पाठवीन. घ्यायला लावू नका. आणि साहेबांना सांगू नकोस."

ठोके न ऐकू येणारा तारबाबू. एरवी सगळ्यांची टर उडवणारे काका तेव्हा स्वतःच्या हाताकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी बझर काढला आणि त्या जागी जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधला रिले जोडला. रिले म्हणजे वीज आली की चुंबकानं पट्टी ओढून घेणारा स्विच. तो वेगळ्या पातळ फळीवर घट्ट बसवला आणि काकांना फळीवर बोटं टेकवायला सांगितली. म्हटलं, ऐकू नका, नुसतं हाताला काय लागतंय ते बघा.

कट्ट, कडकट्ट.

काकांनी डोळे मिटले. "टी... ई... ए. चहा? तो आम्ही तुला द्यायचा ना गं?"

प्रदर्शनात काका फक्त पाठवणार होते. पण मोठे पाहुणे आलेले पाहून साहेबांना उत्साह आला. "अब मॅडम भेजेंगी, बाबूजी पढ़ेंगे." पाहुण्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: ट्रेन ऑन टाइम. मी घाईघाईनं ठोके दिले. काकांची बोटं फळीवर. त्यांनी कागदावर लिहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वाचून दाखवलं, "ट्लेन ऑन टाइम."

साहेबांचा चेहरा उतरला. "बाबूजी, ट्रेन होगा."

"होगा. पर इन्होंने ट्लेन भेजा है. आर में एक टिक ज़्यादा लगा दी. पैंतीस साल जो आया, वही लिखा है साहब."

आर आणि एलमध्ये एका ठोक्याचाच फरक. तो मी जास्तीचा दिला होता, आणि चारचौघांत तसं कबूलही केलं. पाहुणे मनापासून हसले. काकांना बझर ऐकू येत नाही, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. फळीवर बोटं टेकवणं ही जुन्या तारबाबूंची खास ढब असावी, असंच सगळ्यांना वाटलं. साहेबांनी तर दुपारभर येणाऱ्याजाणाऱ्यांना ती ढब स्वतः करून दाखवली.

मी एवढंच शिकले, की यंत्र चाललं की नाही हे बनवणाऱ्यानं ठरवायचं नसतं. आणि आर दिल्यावर हात लगेच उचलायचा.