खंडेनवमीला चालून आलेलं ड्रिल

माझ्या सासऱ्यांचा लष्करी गणवेशातला फोटो आमच्या भिंतीवर नाही, आणि त्याला मी सोडून कुणीही जबाबदार नाही.

सासरे निवृत्त सुभेदार, लोणंदजवळच्या गावचे. खंडेनवमीला ते इस्लामपूरला आमच्याकडं आले ते भलामोठा फोटो काखोटीला मारूनच.

"पाव्हणं, थोरल्या जावयाच्या घरी लावायचा म्हणून आणलाय. जमत नसंल तर सांगा. उद्या मिरजंला चाललोय, धाकटे लावतील."

धाकटे म्हणजे माझे साडू. ते घरातला पंखासुद्धा स्वतः दुरुस्त करतात. (असला साडू वैऱ्यालाही मिळू नये!) फोटो मिरजेला गेला असता तर सगळ्या पाव्हण्यारावळ्यांत माझं नाक कापलं गेलं असतं.

"न जमायला काय झालं? मामा, नवं ड्रिल मशीन घेतलंय!"

आई हत्यारांच्या पूजेची तयारी करत होती. ती म्हणाली, "काय भोकं पाडायची ती आत्ताच पाड. एकदा पूजेला मांडलं की उद्या दसऱ्यापातूर मशीनला हात लावू द्यायची न्हाई."

एवढी घाई असताना मी काय करावं? भाषण! डोळ्यांवर गॉगल, पायात बूट, आणि समोर घरची मंडळी. "बिट बदलायचं असू दे, मशीन पुसायचं असू दे, नुसतं खाली ठेवायचं असू दे, आधी बोर्डातली पिन काढायची! कळलं का?"

"कळलं," बायको म्हणाली. "पाडा आता भोक."

भिंतीवर पेन्सिलनं खूण केली आणि मशीन सुरू केलं. थोड्या वेळानं बोट दुखायला लागलं, म्हणून मी बाजूची छोटी कळ दाबली. ती दाबली की बटणावरचं बोट काढलं तरी मशीन चालूच राहतं. भोक अर्ध्यावर आलं आणि लाईट गेली.

"दे हिकडं, मुहूर्त टळतोय!" आईनं मशीन माझ्या हातातून ओढून घेतलं आणि तिथंच भिंतीखाली पाटावर मांडलं. शेजारी कोयता, विळी, खुरपं. नव्या हत्याराचा मान म्हणून झेंडूचा सगळ्यात जाड हार ड्रिलला! दोन वेढे गळ्याला दिले, उरलेलं टोक हळदीच्या ताटात सोडलं.

सासऱ्यांची नजर फौजी. "पाव्हणं, पिन ऱ्हायलीय बोर्डात."

"आवं मामा," मी हसून म्हणालो, "लाईटच न्हाई, तर पिन काढून काय करायचं?"

दाबलेल्या कळीचं तर मी साफ विसरलो होतो.

आरती सुरू झाली. तबक माझ्या हातात, मी पाटासमोर वाकलेला. आमची लेक मुक्ता मोबाईलवर शूटिंग करत होती. सगळे डोळे मिटून टाळ्या वाजवत होते आणि लाईट आली.

घर्रर्रर्र!

हार गरागरा फिरायला लागला. झेंडू सुटले ते कोण माझ्या कानावर, कोण आईच्या अंबाड्यात! हाराचं टोक ताटासकट ओढलं गेलं, ताट उडालं आणि अख्खी हळद माझ्या तोंडावर!

"आगं बया, देव कोपला!" आई ओरडली.

"लेट जाव! सब लेट जाव!" सासरे गर्जले आणि स्वतः सोफ्यामागं पालथे पडले. (निवृत्तीनंतरही काय ती चपळाई!)

मी तबक हातात धरून तसाच उभा. माझ्या भाषणातलं मला एक अक्षर आठवेना. शेवटी बायको शांतपणे बोर्डाकडं गेली, बटण बंद केलं, पिन काढली आणि म्हणाली, "कळलं का सगळ्यांना?"

दुसऱ्या दिवशी फोटो मिरजेला गेला. साडूंनी तो लावला म्हणे, चहा निवायच्या आत. मनाला फार लागलं, पण बोलणार कुणाला?

दिवाळीत सासरे पुन्हा आले, काखोटीला दुसरा फोटो मारून. माझं अर्धवट भोक त्यांनी स्वतः पुरं केलं, आधी पिन काढली आणि मगच मशीन खाली ठेवलं. मुक्तानं काढलेल्या शूटिंगमधला फोटो होता तो! नखशिखान्त पिवळा मी, कानावर झेंडू, तोंड उघडं. येणारेजाणारे जेजुरीहून आलोय समजून नमस्कार करतात.

आता घरात कुणीही मशीनला हात लावायच्या आधी मान वर करून त्या फोटोकडं बघतं आणि गुपचूप पिन तपासतं. कंपनीनं मशीनबरोबर सुरक्षेच्या सूचनांचं पुस्तक दिलं होतं, ते कुणीच वाचलं नाही. त्याच्या जागी मी टांगलेला आहे!